एका श्वासातले थांबे

आपा आजारी माणूस फार चांगला वठवायची.

देऊळगाव राजाला आमचं एक लहान प्रशिक्षण केंद्र होतं. आसपासच्या गावांतल्या आशाताई तिथे शिकायला यायच्या आणि शिकवायला आम्ही दोघी. मी पुस्तकांतून आलेली. माझ्याकडे पदवी होती, वळणदार अक्षर होतं आणि आजारी माणसाच्या अंगाला हात लावायचा संकोच होता. आपा दवाखान्यात परिचारिका म्हणून हयात घालवून निवृत्त झालेली. माहेर नांदुऱ्याचं, सासर इथलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा जालन्याला दुकान चालवायचा. गावातले लहानमोठे, हिंदू-मुसलमान, सगळे तिला आपाच म्हणत. मला ती मास्तरीण म्हणायची आणि त्यात थोडी थट्टा असायची.

मी फळ्यावर लिहायची, ती सतरंजीवर आडवी व्हायची. कधी बाळंतीण, कधी साप चावलेला गडी, कधी दमेकरी म्हातारी. बायकांनी जवळ बसून तिला तपासायचं, प्रश्न विचारायचे आणि ठरवायचं, हिला घरी ठेवायची की दवाखान्यात पाठवायची. आपा कण्हायची, शिव्या द्यायची, सुनेच्या तक्रारी सांगायची. बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. निर्णय झाला की ती ताडकन उठून बसायची आणि म्हणायची, "उठली पेशंट. चहा मांडा माय."

"आपा, आत्ता तर मेल्या होत्या ना तुमी?" कुणीतरी म्हणायचंच.

"मेल्यावर तर पयला चहाच लागते."

दम लागलेल्या माणसाची परीक्षा ही तिची खास गोष्ट. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं, रोग्याला एका श्वासात आकडे मोजायला सांगा. आपाला ते पटलं नाही. "म्हातारीले आकडे मोजाले सांगशील, तर ते आकडा चुकते म्हनून थांबते का दम सरला म्हनून थांबते, कसं समजन तुले? तिले पाठ हाय ते म्हनाले सांग." आणि आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतात ते आपल्या रस्त्यावरचे एसटीचे थांबे. मग आपा कंडक्टरसारखी म्हणून दाखवायची: देऊळगाव राजा, देऊळगाव मही, मेरा चौकी, चिखली, केळवद, बुलडाणा. बरा माणूस एका दमात बुलडाण्याला पोचतो. चिखली गाठली तर घरी ठेवून लक्ष द्यायचं. चिखलीच्या अलीकडेच श्वास घ्यावा लागला, तर गाडी बोलवायची. इतर रस्त्यांवरच्या बायका आपापले थांबे ठरवून घ्यायच्या. पुस्तकातल्या पानापेक्षा हे त्यांच्या लक्षात राहायचं.

मग सगळं बंद झालं. बस थांबल्या, केंद्राला कुलूप लागलं आणि वरून निरोप आला की प्रशिक्षण थांबता कामा नये, उलट आता त्याचीच गरज आहे, तेव्हा ते मोबाइलवर थेट घ्या. कसं, ते कुणी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

पहिला वर्ग मी घेतला. मी पाठांची चांगली पानं तयार केली होती, तक्ते होते, बाण होते. बोटाएवढ्या पडद्यावर त्यातलं एक अक्षरही दिसत नव्हतं. कुणाच्या चौकोनात नुसता छताचा पंखा, कुणाचं कपाळ, कुणाच्या मागे नवरा बनियनवर फिरतोय. कुठे कुकरची शिट्टी, कुठे कुत्री, बीबी गावच्या एका बाईकडे तर शेळी अशी ओरडायची की बाकी काही ऐकू येऊ नये. मी सगळ्यांचे माईक बंद करायला लावले. मग इतकी शांतता झाली की मी बोलतेय ते कुठे जातंय तेच कळेना. "समजलं का?" विचारलं की सगळ्या माना हलायच्या. न समजणाऱ्या बाईचीही मान हलते, हे शिकवणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

केंद्रात तसं नव्हतं. आमच्या बायका मॅडमला थेट प्रश्न विचारत नाहीत, शेजारणीला विचारतात. शेजारीण पुढचीला विचारते आणि शेवटी एखादी धीट बाई तो प्रश्न आमच्यापर्यंत आणते. पडद्यावर शेजारीणच नव्हती.

संध्याकाळी आपाचा फोन आला. "मास्तरीण, ते तुह्ये पानं बाजूले ठेव. एका वर्गात एकच गोष्ट. आन मी पेशंट होतो."

"फोनवर कशी होणार?"

"तांदळाच्या डब्याले फोन टेकवीन आन खाटीवर पडीन. पन मले त्यायचं हसनं ऐकू येनार नाई, तर समजलं का नाई हे कसं समजन? त्यायले काहीतरी दाखवाले सांग."

यातूनच वाटी आणि तांब्या आले. प्रत्येकीने वर्गाला बसताना जवळ एक वाटी आणि एक तांब्या ठेवायचा. पेशंट घरी ठेवण्यासारखा वाटला तर वाटी दाखवायची, दवाखान्यात पाठवण्यासारखा वाटला तर तांब्या. दोन्ही प्रत्येक घरात असतात आणि लहान पडद्यावरही ओळखू येतात. आवाज बंद असला तरी कुणाला काय समजलं ते एका नजरेत दिसायचं. एखादी चुकून वाटी धरायची, मग इतरांचे तांब्ये बघून हळूच खाली घ्यायची. ती बाई मला तेव्हा सापडायची, आणि वर्ग संपल्यावर मी तिला एकटीला फोन करायची. ते वर्ष असंच गेलं. सतरंजीवरच्या वर्गाइतकं ते कधी झालं नाही, पण चाललं.

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात परत लाट आली आणि ती वेगळीच होती. सकाळी फोन वाजला की कुणीतरी गेल्याची बातमी असायची. आशाताई घरोघर फिरत होत्या आणि दम लागलेली माणसं त्यांना रोज दिसत होती. थांब्यांची परीक्षा परत घ्यायची असं आम्ही ठरवलं. आदल्या दिवशी आपाचा आवाज मला बसलेला वाटला. मी विचारलं, तर म्हणाली, "कूलरपुढं झोपली होती. उद्याचा वर्ग करू. बायकायले पायजे हाय तो."

दुसऱ्या दिवशी ती खाटेवर उशीला टेकून बसलेली दिसली, डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. खिडकीतला उजेड मागून येत होता, चेहरा नीट दिसत नव्हता. मी परीक्षा समजावून सांगितली आणि म्हटलं, "आता आपा पेशंट आहेत. त्यांना थांबे विचारू या."

आपाने सुरुवात केली. "देऊळगाव राजा. देऊळगाव मही." मग थांबली. श्वास घेतला. "मेरा..." परत थांबली.

चौकोनाचौकोनांत बायका हसत होत्या. आवाज नव्हता, नुसती हलणारी तोंडं दिसत होती. एक जण तर शेजारी बसलेल्या सुनेला पडद्याकडे बोट करून दाखवत होती. आणि भराभर तांब्ये वर आले. स्टीलचे, पितळेचे. पडद्यावर एकही वाटी नव्हती. इतका बरोबर वर्ग आमचा कधीच झाला नव्हता. मी म्हटलं, "अगदी बरोबर. आपा, झालं."

आपा उठली नाही. चहाचं काही बोलली नाही. उशीला टेकून ती समोर बघत होती आणि तिचा खांदा दर श्वासाला वर जात होता. बायका तांब्ये धरून वाट बघत होत्या, कारण आपा पेशंटचं सोंग कधीकधी ताणायची, हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात शेळीचा आवाज आला. बीबीच्या बाईने आपला माईक उघडला होता. आजवर मी तिला तो बंद करायलाच सांगत आले होते. तिने तांब्या खाली ठेवला, परत उचलला आणि फोनच्या अगदी जवळ आणला.

"मॅडम, आपा नाटक नाई करून राह्यल्या."

आमची घरं गावाच्या दोन टोकांना. मी स्कूटी काढली. चौकात पोलिसाने अडवलं तेव्हा काय सांगितलं ते आठवत नाही, त्याने सोडलं एवढं खरं. आपाचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती तशीच बसली होती, तांदळाच्या डब्याला टेकलेल्या फोनसमोर.

"वर्ग सोडून काऊन आली?" ती म्हणाली. एवढं म्हणायला तिला तीनदा थांबावं लागलं. "बायका... वाट पाहून राह्यल्या."

मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा बघितला, यंत्र काढून दुसऱ्या बोटाला लावलं. तो आकडाही तसाच होता. आपा माझ्याकडे बघत होती. ते यंत्र वाचायला मला तिनेच शिकवलं होतं, तेव्हा सांगायचं काही उरलं नाही. मी एकशे आठला फोन केला. मुलाला केला. तो रडत म्हणाला, जालन्यात कालपासून कुठेच खाट मिळत नाहीये, मी इथल्यांसाठीच फिरतोय. शेवटी बुलडाण्याला एक मिळाली आणि तो परस्पर तिकडे निघाला.

गाडी येईपर्यंत मी तिच्याजवळ बसले. आजारी माणसाला हात लावायचा संकोच कधी गेला ते मला कळलं नाही. तिची पाठ माझ्या तळव्याखाली भट्टीसारखी तापली होती. ताप किती दिवसांचा, हे मी विचारलं. तिने बोटं वर केली आणि मग हात हलवून तो विषय सोडून दिला.

फोन तसाच चालू होता. वर्ग कुणी बंद केलाच नव्हता. सगळ्या बायका आपापल्या चौकोनात बसून होत्या, कुणी हलली नव्हती, कुणाकुणाच्या हातात अजून तांब्या होता. आपाने मान वळवून पडद्याकडे बघितलं.

"सगळ्यायनं... बरोबर दाखवलं," ती म्हणाली.

गाडीत मला बसू दिलं नाही. पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेल्या दोन माणसांनी तिला नेलं. डोळ्यांशिवाय त्यांचं काहीच दिसत नव्हतं. गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली. देऊळगाव मही, मेरा चौकी, चिखली, केळवद. मी दारात उभी राहून गाडी कुठवर पोचली असेल याचा अंदाज बांधत होते. बुलडाण्याला पोचल्याचा मुलाचा फोन आला तेव्हा मी आत गेले आणि डब्याला टेकलेला फोन बंद केला. पडदा केव्हाच काळा झाला होता.

आठवड्याभराने ती गेली. बुलडाण्यालाच दफन झालं, मुलगा आणि आणखी दोघं-तिघं होते. मला जाता आलं नाही. तिच्या घरी जाऊन बसावं तर घरात कोणी नव्हतं, आणि माझ्याकडे यायचीही कोणाला मुभा नव्हती. मी कपाटातून एकेक पुस्तक काढायची आणि पहिल्या पानावरच ठेवून द्यायची. अशा वेळी पुस्तकं उपयोगी पडतात असं मी लोकांना नेहमी सांगत आले होते.

पुढच्या वर्गाची वेळ आली तेव्हा मला वाटलं होतं, कोणी येणार नाही. सगळ्या आल्या. मी म्हटलं, आज दुसरा विषय घेऊ या. त्यावर बीबीच्या बाईने माईक उघडला.

"नाई मॅडम. थांब्यायचाच घ्या. माह्या गल्लीत दोघं दमावर हायत. अर्ध्या बायकायनं मागच्या टायमाले नाटक समजून तांब्या धरला होता. तसं नाई चालनार."

"पण पेशंट कोण होणार?" मी विचारलं. "मला नाही जमणार."

"मी होतो," ती म्हणाली. "पन एक ठरवा. पेशंट उठला म्हनजे त्यानं तोंडानं सांगाच लागन. सांगतलं नाई, तर नाटक समजाचं नाई. तवाच्या तवा फोन कराचा."

तिने शेळी बाहेर बांधली. ओसरीवर भिंतीला टेकून बसली आणि आपल्या रस्त्याचे थांबे म्हणायला लागली. "बीबी. दुसरबीड..." तिथे तिने श्वास घेतला. बरा घेतला, खरा वाटावा असा. एकेक करून तांब्ये वर आले. या वेळी कोणाचंही तोंड हसत नव्हतं. कोणी माईक बंद केले नव्हते. कुकर, कुत्री, बाहेर बांधलेल्या शेळीचा दूरवरचा आवाज, सगळं ऐकू येत होतं आणि मी कोणालाही ते बंद करायला सांगितलं नाही.

ती भिंतीला टेकून तशीच राहिली. मी "बरोबर" म्हटलं नाही. हातातला तांब्या घेऊन मीही सगळ्यांसारखी वाट बघत बसले.

"उठली पेशंट," ती म्हणाली. चहाचं ती काही बोलली नाही.