वजन कट होतं

पीयूसी, आमच्याकडची बारावी, झाल्यावर बी.एस्सी.ला बेळगावला जायचं, असं मी ठरवलं होतं. अप्पांनी काहीच ठरवलं नव्हतं, आणि आमच्या घरात ठरवण्याचं खातं त्यांच्याकडे होतं.

अप्पांचं आयुष्य जोयड्याच्या जंगलात कटिंगच्या, म्हणजे लाकूडतोडीच्या, कामावर गेलेलं. एका संध्याकाळी त्यांनी माझी वही उघडून एका गणितावर बोट ठेवलं: उतारावरून सुटलेली वस्तू खाली किती वेगानं पोचेल? मी झोकात समजावलं. वर उंचीमुळं जेवढी ऊर्जा असते, तेवढीच खाली वेगाच्या रूपात मिळते. वाट वाकडी की सरळ, बघायचं कारण नाही. वजन तर समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतं, म्हणून कट होतं.

"कट?" अप्पा म्हणाले. "फॉरेस्टवाल्यांची परवानगी काढलीस?"

मला हसू आलं नाही. जड आणि हलकं सारख्याच वेगानं उतरतं, असं मी ठासून सांगितलं.

"तसं हाय तर उद्या बघू. तुझं खरं निघालं तर बेळगाव."

खोटं निघालं तर काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सकाळी आम्ही शाळेजवळच्या चढावर उभे. त्यांच्या सायकलीला भाताचं पोतं बांधलेलं, मी शेजाऱ्यांच्या रिकाम्या सायकलीवर. पायडल मारायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, खालच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत नुसतं सुटायचं. मी अगदी निर्धास्त होते, कारण सगळं भौतिकशास्त्र माझ्या बाजूला होतं. निम्म्या उतारावर अप्पा, पोत्यासकट, मला मागं टाकून गेले.

मी मोरीवर पोचले तेव्हा ते पाय टेकून उभे होते. मला रडू फुटलं.

"हवा आडवी आली. हलक्याला ती जास्त अडवते," मी म्हणाले. "गणितात हवा धरत नाहीत."

"का धरत न्हाईत?"

"अजून शिकवलं नाही."

अप्पांनी पोत्याची दोरी उगाच तपासली. "मग जा," ते म्हणाले. "हवा धरायला शिकून ये."

मी गेले. तिथं बहुतेक गणितांखाली एक ओळ असायची: हवेचा विरोध दुर्लक्षित करा. सुट्टीत घरी आले की अप्पा पहिल्यांदा विचारायचे, "आली काय हवा पुस्तकात?"

"व्हय," मी म्हणायचे. मग ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आमची पोर हवा शिकत्या." मला फार लाज वाटायची, पण तिन्ही वर्षं मी व्हयच म्हणत राहिले.