मुठीतला फ्यूज
साबणाच्या फेसात तापलेल्या धुळीचा वास मिसळला की मला नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या घराची गच्ची आठवते. जेठाची रणरणती दुपार होती, सकाळपासून लाइट नव्हती आणि मी ड्युटीवरून येऊन जिन्यातच बसले होते. वर एसीचा मिस्त्री गळती शोधायला पाइपांना फेस लावत होता, बाबा त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे. कारखान्यातल्या दिवसांपासून बाबांचा नेम होता, मशीन उघडण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवायचा. त्यांनी वरून विचारलं, "फ्यूज काढलास का गं?" मिस्त्री हसला, "लाइट तो नइयां, बाबूजी!" मलाही वाटलं, लाइटच नाही तर फ्यूज कशाला काढायचा. उठायचं त्राण नव्हतं, मी "हो" म्हटलं. त्याने वायरींवरचं झाकण काढलं आणि तेवढ्यात शेजारचा कूलर घरघरायला लागला. मी किंचाळले, "भैया, हाथ मत लगाना!" त्याचा हात वायरींपासून वीतभरावर थांबला. बाबांनी खाली जाऊन फ्यूज काढला आणि खिशात न ठेवता माझ्या हातात दिला. आता घरी मिस्त्री आला की कितीही दमलेली असले तरी मीच उठते, आणि कुणी विचारलं तर "हो" म्हणत नाही, मूठ उघडून दाखवते.