नव्या स्फटिकाची तपासणी

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. चुडाव्याहून सकाळच्या पॅसेंजरनं मी परभणीला कामावर जायची. आमच्या वस्तीतली एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी मी आणि त्या प्रयोगशाळेतली एकटी बाईही मीच. पिकानं जमिनीतलं जस्त किती उचललं, हे आम्ही किरणोत्सारी जस्त वापरून मोजायचो. सगळी भिस्त एका स्फटिकावर. किरण आदळला की त्यात प्रकाश चमकतो. खालची नळी त्याचा विजेचा ठोका करते आणि यंत्र ते ठोके मोजतं.

एक दिवस कंपनीचा माणूस नवा स्फटिक घेऊन आला. त्यानं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांपुढं पावती ठेवली. सरांनी पेन काढला.

"सर, आधी मला तपासू द्या," मी म्हटलं.

"मॅडम, कारखान्यातून तपासूनच आलाय."

"तिथं तपासला असेल. इथं मी तपासते."

किरणोत्सारी सीझियमचा नमुना स्फटिकासमोर ठेवला. यंत्राचं बटण एकेक घर सरकवायचं, मिनिटभर ठोके मोजायचे, आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की उंच, निमुळतं शिखर उभं राहायला हवं. माझ्या कागदावर बसकी टेकडी आली.

"तुमची नळी जुनी झाली," तो म्हणाला. सरही म्हणाले, "असेल बरं का."

मग त्याच नळीवर, तेवढ्याच अंतरावर नमुना ठेवून, मी आमचा जुना स्फटिक लावला. नळीच खराब निघाली असती तर दोघांसमोर माझी शोभा झाली असती. पहिले चार-पाच ठिपके खालीच पडले. मग ठिपके वर चढू लागले आणि शिखर सरळ उभं राहिलं. दोन्ही कागद मी एकावर एक धरले.

नवा स्फटिक खिडकीशी नेला, नळीला जोडताना काचेवर लावलेला चिकट थर पुसला. आत कडेला पिवळट झाक होती. हा स्फटिक म्हणजे एक मीठच, ते ओल धरतं; त्याच्या बंद डबीचा सांधा कुठंतरी सैल राहून आत दमट हवा शिरली होती.

"परत न्या," सर म्हणाले.

दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस दुसरा स्फटिक घेऊन आला. या वेळी त्यानं डबी थेट माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसला.

"तपासा मॅडम, मी थांबतो."

शिखर सुरेख आलं. सरांनी पावती माझ्याकडं सरकवली आणि सही मी केली.