पांढरा साबण

लग्न होऊन मी मानवतला आले तेव्हा आमच्या परसात साबण व्हायचा. नवरा हैदराबादेत राहून ते शिकला होता. करडईच्या तेलात निम्मं खोबरेल पडायचं. खोबरेलानं वडी घट्ट होते, फेसही चांगला येतो. मग खोबरेल मिळेनासं झालं. नुसत्या करडईची वडी किती वाळवली तरी बोट रुतायचं. एरंडेल घालून पाहिलं, तर चिकट झाली. शेवटी नवऱ्यानं वनस्पती तुपाचे डबे आणले. ते तूप थिजलेलंच असतं. वडी कडक निघाली आणि पहिल्यांदाच पांढरीशुभ्र.

त्या पांढरेपणानंच घात केला. बाजारात कुणीतरी उठवलं, तेलाचा साबण असा दिसत न्हाई, ह्यात चरबी हाय. आम्ही लिंगायत, घरात लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात लिंग; चरबीला शिवायचंही नाही. शेजारच्या आक्कांकडे मी रोज विरजणाला जायची. त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"खरं सांग बाई, कशाची चरबी हाय?"

"चरबी न्हाई आक्का, तूप हाय. डब्यातलं."

"तूप खायाचं सोडून साबणात कोण घालतंय?"

घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "दारात चूल मांडा. सगळ्यांदेखत करा." त्यांनी तसंच केलं. डबा लोकांसमोर फोडला, तूप वितळवलं, तेल मिसळलं, कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं. बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. घोटणं संपल्यावर आक्का म्हणाल्या, "आजचा बघितला. मागचा कुणी बघितला?"

साबण एकदा झाला की त्यातून तूप परत काढून दाखवता येत नाही. नवरा पळी टाकून आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे मागच्या साबणाची वडी घेऊन गावच्या विहिरीवर गेले. पाठोपाठ मी घागर घेऊन. लिंगाभोवतीचं वस्त्र सोडून त्यांनी ते वस्त्र सगळ्यांसमोर त्या साबणानं धुतलं, चांगलं फेस काढून. मला वाटलं, मिटलं आता.

घरी आल्यावर ओलं वस्त्र दोरीवर टाकून त्यांनी मला हाक मारली. नवरा बाहेर गेला होता.

"पोरी, आता खरं सांग. तूपच व्हतं ना?"

"तूपच व्हतं, मामा. डबे मीच फोडलेत."

"बरं," म्हणाले. दुपारी ताट वाढलं तर म्हणाले, उपास हाय. सोमवार नव्हता.

साबणाला गिऱ्हाईक परत आलं नाही. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. उरलेल्या वड्या आम्ही दोघांनी वापरून संपवल्या. सासरे पुढं बेसन लावूनच अंघोळ करत. मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही तो विषय काढला नाही.