लांबून उजेड टाकणारे किसनभाऊ

किसनभाऊंनी मला पहिल्यांदा कामाला लावलं ते पेपर वाचायला. मी कुरवंड्याच्या आमच्या वस्तीत नुकताच राहायला आलो होतो. लोणावळ्याच्या शाळेत शिकवत होतो, आणि मास्तर आहे म्हटल्यावर जयंतीचं नाटक बसवायचं काम मंडळानं माझ्या गळ्यात घातलं होतं. विहारासमोरच्या स्टेजवर नटांची वाट बघत उभा होतो, तोच फोन वाजला.

"मास्तर, जवळ पेपर हाय का? उघडा. बारीक अक्षरातलं वाचा."

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका घराच्या स्लॅबवर दिवा लागला होता. मी म्हणालो, मथळा लागतोय, खालचं काही लागत नाही.

"मंग तुमच्या नटाचे डोळे कुणाला दिसायचे? ही लाईट बाद," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ओळखपाळख नंतर झाली.

कोणीही शहाणा माणूस दिवे स्टेजजवळ बांधतो. भाऊंना ते माहीत नव्हतं असं नाही. उभी हयात त्यांनी नाटक कंपनीच्या ट्रकमध्ये काढली होती, नागपूरपासून बेळगावपर्यंतची थिएटरं त्यांना तोंडपाठ होती. पण शेवंतावहिनींच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि भाऊ घरी आले ते कायमचे. वहिनींच्या कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असे. वीज गेली की ते शिटी मारून बंद पडे. मग सिलिंडरची चावी फिरवून वहिनींना दुसरी नळी लावावी लागे. आमच्याकडे विजेचा नेम नाही. त्यामुळे ती शिटी जिथवर ऐकू येते तिथवरच भाऊंना जाता येई, आणि स्लॅब ही त्याची शेवटची हद्द होती.

पावसाळ्यात शनिवार-रविवार भुशी धरणावर जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबला की आम्ही सगळेच गावात अडकायचो आणि पर्यटकांच्या नावानं बोटं मोडायचो. भाऊ हसायचे. म्हणायचे, "तुमचं सोमवारी सुटतंय की."

स्लॅबवरून उजेड टाकायचा तर दिवा तसा हवा. जुन्या हॅलोजनचा उजेड अर्ध्या मैदानातच धापा टाकायचा. म्हणून त्या वर्षी रिसॉर्टवरच्या लग्नांना दिवे पुरवणारा लोणावळ्याचा एकजण आपला सगळ्यात दांडगा दिवा घेऊन आला. लावला तर बघणाऱ्याचे डोळे दिपले. लिंबाचं झाड उजळलं, विहाराचा कळस उजळला, शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा उजळली. स्टेजवर मी पेपर धरून उभा, आणि मला पुन्हा मथळाच दिसतोय.

"ही लग्नातली लाईट," भाऊ फोनवर म्हणाले. "हिला नवरी हाताशी लागती. लाईट किती मोठी ते इचारू नगा मास्तर, उजेड पोचतो किती ते इचारा."

मग त्यांनी त्या माणसाकडून लांबट नळकांड्याचा, पुढे भिंग असलेला दिवा मागवला. ताकदीनं पहिल्याच्या निम्मा. पण त्याचा उजेड वाटेत कुठं सांडला नाही, नीट स्टेजवर येऊन पडला. मी छोट्या जाहिरातीसुद्धा घडाघडा वाचून दाखवल्या. भाऊ खूश झाले.

तालमीत कळलं की उजेडाचं ते वर्तुळ जेमतेम तीन माणसांच्या मापाचं आहे, आणि आमच्या प्रवेशात तर माणसं सहा. लांबून सगळंच छोटं दिसत असल्यामुळे भाऊंचा अंदाज चुकला होता.

"नटांना जरा आवळून उभं करा," ते म्हणाले.

आवळले. प्रवेश होता पाणवठ्यावरच्या झगड्याचा, पण माझे सहाही नट फोटो काढायला उभे राहिल्यासारखे दिसू लागले. फोनवरून भाऊंना ते काही केल्या कळेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "एकदा जाऊन बगा की तितं. मास्तर बसतील माझ्यापाशी."

भाऊंनी मला चावी कशी फिरवायची, नळी कशी बदलायची ते दोनदा दाखवलं आणि दिवेलागणीला ते मैदानात उतरले. चार पावलं गेले की मागे वळून बघायचे. ते स्टेजपाशी पोचले असतील नसतील, तोच वीज गेली.

मशीननं शिटी मारली. मी सिलिंडरला झोंबलो, पण माझी बोटं काही ऐकेनात. चावी बहुधा उलटीच फिरवत होतो. वहिनींनी थोडा वेळ माझी फजिती पाहिली. मग त्या कुशीवर वळल्या, हात लांब करून त्यांनी चावी फिरवली, एक नळी काढली, दुसरी लावली आणि पुन्हा उशीला टेकल्या. चहा गाळावा इतक्या सहज.

"वहिनी, तुम्हाला येतं हे?"

"पयल्यापास्नं येतं." दोन श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, आमची पोरगी गेली तवा ह्यो माणूस बेळगावात लायटी लावत हुता. मी एकलीनं समदं केलं. आता कुटं घावलाय. सोडू व्हय त्याला?"

वस्तीतले दिवे गेलेले भाऊंना स्टेजवरून दिसले होते. ते अनवाणी, धापा टाकत दारात आले, तेव्हा वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. "मास्तर हुते म्हनून वाचले," त्या म्हणाल्या. भाऊंनी माझे दोन्ही हात धरले. मला वहिनींचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली. भाऊंना सांगावं तर त्या बाईचं उरलंसुरलं माणूस तिच्यापासून तोडायचं, न सांगावं तर भाऊंच्या दाराला आपल्याच हातानं कडी घालायची. मी गप्प राहिलो.

भाऊ पुन्हा कधी मैदानात उतरले नाहीत. तसलाच दुसरा दिवा पहिल्याशेजारी बसवून त्यांनी सहाही नट उजेडात आणले, पण तेही स्लॅबवरूनच. नाटक चालू असताना मला फोन यायचा, "मास्तर, चेहरे कसे दिसत्यात?" मी सांगायचो, चांगले दिसतात भाऊ.

पुढे एका श्रावणात वहिनी गेल्या. आता भाऊ मोकळे झाले असं मला वाटलं, पण त्यांचे गुडघे गेले होते आणि नजरही अधू झाली होती. भाऊंना जाऊन आता वर्ष होत आलंय, म्हणून तर हे लिहितोय.

त्यांच्या शेवटच्या जयंतीला आम्ही दोघं स्लॅबवर खुर्च्या टाकून बसलो होतो. स्टेजवर पोरांचे नाच चालले होते. भाऊंना नुसता रंगांचा खेळ दिसत असावा. ते म्हणाले, "आपलंच काम एकदा समोर बसून बगायचं हुतं, मास्तर. पन तिला टाकून कसा जानार? घटकाभर बी जमलं नसतं. तुमी तर त्या दिशी डोळ्यांनी बगितलंय. व्हय ना?"

"नसतं जमलं, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं मान हलवली.