तंबूकाकांचा दौरा

तंबूकाकांनी उभा जन्म तंबू शिवले आणि तंबूत एक रात्रसुद्धा काढली नाही. नगरजवळ भिंगारला लष्कराच्या डेपोत फाटके तंबू दुरुस्त करण्याचा एक विभाग होता, तिथे ते नोकरीला होते. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही, पण बोलणं ऐकलं तर वाटावं, माणूस कालच सरहद्दीवरून उतरलाय. ते कुठे 'निघत' नसत, 'कूच' करत. भाजी आणायच्या आधी बाजाराची 'रेकी' करत. मी एकदा न राहवून म्हणालो, "अहो, तुम्ही सुईदोऱ्यावर होता, तोफेवर नव्हता." तर म्हणाले, "सर, जवान तंबूत नीट झोपला म्हंजे दुसऱ्या दिवशी लढतो. मंग आमी काय कमी लढलो व्हय?" सगळं घर हसलं आणि माझा मुद्दा बरोबर असूनही पडला.

ते माझे साडू. माझी बायको सुनंदा आणि त्यांच्या मंगलताई या सख्ख्या बहिणी. सासुरवाडीला दोन जावई एका पंगतीला बसले की वाढणारीचा हात कुणाच्या ताटावर जास्त रेंगाळतो, हे न बघताही दोघांना कळतं. मी भूगोलाचा शिक्षक, सावेडीत स्वतःचा फ्लॅट, चार माणसांत मान. काका दहावीच्या अलीकडेच थांबलेले. पण पुरणपोळीवर तुपाची धार पडायची ती आधी त्यांच्या. माझ्यापाशी आल्यावर सासूबाई हात आखडता घेत आणि म्हणत, "सरांना तूप सोसत नाही." मला तूप उत्तम सोसतं. कुणी विचारलंच नाही.

तुपाचं मी सोसलं असतं. सोसलं नाही ते प्राजक्ताचं. प्राजक्ता माझी एकुलती एक मुलगी. काकांना मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या मुलीचा अर्धा वाटा त्यांनी न मागता उचलला. ती चार वर्षांची असताना मी तिच्यासाठी हौसेने पृथ्वीचा गोल आणला. त्याच आठवड्यात काकांनी टाकाऊ कापडाचा एक टीचभर तंबू शिवून आणला आणि आमच्या हॉलमध्ये उभा केला. गोल कपाटावर गेला. पोरगी दोन वर्षं तंबूतून बाहेर आली नाही. जेवायची तिथेच, रुसायची तिथेच. तंबूकाका हे नाव तिनेच ठेवलं आणि मग त्यांच्या बायकोसकट सगळेच त्यांना तंबूकाका म्हणू लागले.

बरं, माणूस जाणता होता म्हणावं, तर तेही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. नर्मदा नाशिकहून निघते, असं त्यांनी माझ्यादेखत शपथेवर सांगितलं होतं. कुठलीही अडचण सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं. "होतंय सगळं. न्हाई झालं तर दुसरं काहीतरी होतंय." याला काही अर्थ आहे का? पण प्राजक्ता बारावीत एका विषयात गडगडली तेव्हा मी तिला अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं आणि काकांनी हे वाक्य सांगितलं. पोरीला जेवण गेलं ते त्या वाक्यानंतर.

प्राजक्ता नर्स झाली. पुण्यात जर्मन शिकली आणि जर्मनीतल्या एका रुग्णालयात तिला नोकरी लागली. मार्चअखेर जायचं आणि पहिली तीन वर्षं तरी परत यायचं नाही, असं ठरलं. मी वर्गात मुलांना युरोप शिकवायचो तेव्हा तो कधी एवढा लांब वाटला नव्हता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, जायच्या आधी आपण सगळे गाडीने जाऊ. नगरहून थेट कन्याकुमारीपर्यंत. हॉटेल नाही. तंबूत राहायचं, चुलीवर करून खायचं." मला इतका आनंद झाला की मी उठून नकाशांचं पुस्तक काढलं. तीन आठवडे मुलगी चोवीस तास समोर असणार होती. ती जन्मल्यापासून एवढा वेळ मला मिळाला नव्हता. मी पुस्तक उघडतोय तोवर ती म्हणाली, "काकांना सांगून आलेय. ते म्हणाले, कूच!"

म्हणजे मला काकांच्या नंतर सांगत होती. मी पान उलटत राहिलो, पण कुठला प्रांत समोर आहे ते दिसत नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी भिंगारला काकांच्या ओसरीवर बैठका. जाणार आम्ही पाचजण, आणि आखणी अशी की वाटावं पलटण निघालीय. काका म्हणाले, "समिंदर डाव्या हाताला धरायचा आन खाली खाली जायाचं." मी म्हणालो, "खाली जाताना समुद्र उजव्या हाताला असतो." ते म्हणाले, "येताना डाव्या हाताला येईल की मंग." मी म्हणालो, पलीकडच्या किनाऱ्याने वर आलो तरी समुद्र उजवीकडेच राहतो. वहीच्या पानावर भारत काढून दाखवला. प्राजक्ताने पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "बाबा, असू दे ना. काकांसाठी मान वळवून बसू." पिकतं तिथं विकत नाही, हे मी आयुष्यभर ऐकलं होतं. भूगोलाच्या बाबतीत ते माझ्याच घरात इतकं खरं ठरेल, असं वाटलं नव्हतं.

तंबूंचं तर विचारूच नका. प्राजक्ताने दोघादोघांचे हलके तयार तंबू मोबाईलवर पसंत केले होते. काकांनी ते मोडीत काढले. "दोघादोघांचे? मंग घर कशाला म्हनायचं? राती कोन कुठं हाय ते कळाया नको? सगळ्यांचा मिळून एकच शिवतो." आणि डिसेंबरभर त्यांनी मशीनवर जाड पांढरं कापड घातलं. प्राजक्ता रोज संध्याकाळी कापडाचं दुसरं टोक धरायला जायची. एकदा मी तिचा डबा द्यायला म्हणून गेलो. दाराशी आलो तर आत मशीन थांबलं होतं आणि प्राजक्ता बोलत होती. "काका, मला भीती वाटते हो. तिकडे एकटीला जमेल का मला?" मी तिथेच थांबलो. घरी मी रोज विचारायचो, आणि रोज तिचं उत्तर एकच, "बाबा, काही काळजी करू नका, मी मस्त आहे." काका काय म्हणाले, ते मला ऐकायचं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. मी डबा पायरीवर ठेवला आणि स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत आणली, तिचा आवाज होऊ नये म्हणून. त्या दिवशी मला काकांचा जितका हेवा वाटला, तितका कुणाच्या बंगल्या-गाडीचाही कधी वाटला नाही.

काकांची आणखी एक खोड म्हणजे सराव. सरावाशिवाय त्यांचं पान हलत नसे. मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी वरातीचा रस्ता आदल्या दिवशी बँडशिवाय चालून पाहिला होता. तेव्हा जानेवारीत एका शनिवारी तिसगावला, त्यांच्या भावाच्या शेतात, तंबूचा सराव ठरला. तंबू इतका जड झाला होता की तो न्यायला टेम्पो करावा लागला. ज्वारी हुरड्यात आलेली, शेत रस्त्याकडेला, आणि त्यात हा पांढराशुभ्र, लाल काठाचा तंबू उभा राहिला. शेजारी आमची गाडी आणि टेम्पो. जाणाऱ्या-येणाऱ्याने काय समजायचं ते समजून घेतलं.

दुपारपर्यंत भावकी जमायला लागली. काकांची चुलती ओटीचं सामान घेऊनच आली. "पोरगी परदेशी चालली म्हनून घाईनं उरकताय व्हय रं? आमाला सांगावा न्हाई, पत्रिका न्हाई! नवरदेव कुठं हाय?" तिच्यामागे फेटे बांधलेले दोघे, टॉवेल-टोपीची पिशवी घेऊन. मी शरमेने अर्धा झालो आणि समजावू लागलो की हा मांडव नव्हे, ही पूर्वतयारी आहे. काकांनी मला बाजूला सारलं. "बसा, बसा. नवरदेव न्हाई, पर हुरडा हाय." घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं झालं. आमच्या पाचजणांच्या शिध्यात गाव जेवायला बसलं. सुनंदा आणि मंगलताई भाकऱ्या थापून थापून थकल्या, तेव्हा आलेल्या बायकांनीच चुली मांडल्या. म्हातारी म्हणाली, "लग्नाची न्हाई तर परदेशाची. आनलेली ओटी माघारी न्यायची नसती." आणि ओळीने बायकांनी प्राजक्ताच्या ओच्यात तांदूळ-नारळ घातले. एवढे नारळ घेऊन ती मधोमध उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. मी पुढे होणार, तेवढ्यात काका बादली घेऊन आले, "आन इकडं, वझं झालं आसंल."

थंडी उतरली तशी म्हातारी माणसं मुक्कामालाच थांबली. काकांनी ती सगळी तंबूत घातली आणि स्वतः घोंगडी घेऊन कडब्याच्या गंजीला पाठ लावली. मी दोन घोरणाऱ्या चुलत्यांच्या मधे तंबूत. पहाटे बाहेर येऊन पाहतो, तर प्राजक्ता काकांच्या शेजारी, त्यांच्याच घोंगडीत पाय खुपसून, चहा पीत बसलेली. "बाबा, या ना, जागा आहे," ती म्हणाली. जागा नव्हती. तरी मी बसलो.

तो सरावच शेवटचा ठरला. आठवड्याने जर्मनीहून निरोप आला, हजर व्हायची तारीख अलीकडे आणली आहे, पंधरा दिवसांत निघा. दौरा बारगळला. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण ही बातमी मी काकांना फोनवर सांगितली, तेव्हा त्यांचाही दौरा बुडाला म्हणून कुठेतरी बरंही वाटलं. ते म्हणाले, "जर्मन लोकान्ला येवढी कसली घाई हाय, सर?" आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू तारीख मीच बदलून आणली होती.

मुंबईला विमानतळावर सगळे गेलो. प्राजक्ता माझ्यापाशी आली तेव्हा हसत होती. गोळ्या वेळेवर घ्या, स्कूटर हळू चालवा, सगळं हसून. मग ती काकांकडे वळली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली. मला धीर द्यायचा म्हणून हसली, हे मला कळत होतं. कळून उपयोग काय? माझाही खांदा तिथेच, हातभर अंतरावर होता.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. गेल्या श्रावणात काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मीच प्राजक्ताला फोन केला. तिला येणं शक्य नव्हतं. "व्हिडिओ लावा बाबा," म्हणाली. ओसरीवर काकांना ठेवलं होतं, माणसं दाटली होती. मी गर्दीतून वाट काढत फोन घेऊन आत गेलो. "अजून जवळ न्या." मी त्यांच्या उशाशी बसलो आणि फोन चेहऱ्यासमोर धरला. हुंदका आवरत नव्हता तिला. आणि खरं सांगतो, त्याही वेळी माझ्या मनात आलं, ही माझ्यासाठी अशी रडेल का? गेलेल्या माणसाचाही मला हेवा वाटला.

मग मी फोन माझ्याकडे वळवला. रुग्णालयाच्या निळ्या कपड्यांतच ती कुठल्याशा जिन्यात बसली होती. तोंड पुसून ती म्हणाली, "बाबा, मला इथे नाही जमत. खूप एकटं वाटतं हो. मी काय करू?"

मला हे ती आयुष्यात पहिल्यांदा सांगत होती. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य येईल म्हणून सवयीने काकांकडे पाहिलं.