थोरल्या जाऊबाईंचा डबा

ब्लॉग सुरू करून गेल्या आठवड्यात मला वर्ष झालं. माझ्या लक्षात नव्हतं, मोबाईलनं आठवण करून दिली. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या लक्षात असण्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडं लग्नाचा वाढदिवससुद्धा दुसऱ्या दिवशी आठवतो.

बेलापुरात आमची पिठाची गिरणी आहे. घराला लागून पत्र्याची खोली, तीत दळणाची चक्की, आणि कोपऱ्यात मिरची-हळद कांडायचं मशीन. आमचे हे शेत बघतात, गिरणी मी बघते. माझं माहेर श्रीरामपूरचं. तिथल्या कॉलेजात दोन वर्षं मराठी शिकले आणि मग लग्न झालं. त्या दोन वर्षांचा उपयोग पुढं डब्यांवर नावं लिहिण्यापुरताच झाला.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं गेल्या दिवाळीत ब्लॉग काढून दिला. म्हणाली, "आई, फोनवर तू मला तासभर जे सांगतेस ना, तेच इथं लिहीत जा." तिचा तासभर वाचावा हा त्यातला खरा हेतू होता, हे मला नंतर कळलं. तरी तिचे आभार.

पहिला लेख मी स्त्रीशक्तीवर लिहिला. चांगले जड जड शब्द शोधून घातले. वाचक चार: मुलगी, मुलगा, सूनबाई आणि मी. दुसरा झाडांवर लिहिला, की वृक्ष हे आपले मित्र आहेत. मुलगी म्हणाली, "हे शाळेच्या भिंतीवर असतं." मला इतका राग आला की दोन दिवस मी तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. चक्की थांबली, पीठ खाली बसलं, आणि समोर वीसेक डबे रांगेत उभे. करायला काही नव्हतं म्हणून त्या डब्यांवरच लिहायला बसले.

आमच्या गिरणीत माणूस रांगेत उभं राहत नाही, डबा राहतो. बाई सकाळी डबा ठेवून शेतात जाते आणि येताना पीठ घेऊन जाते. आमच्याकडं शेताचा बांध सरकवतील, पण रांगेतला दुसऱ्याचा डबा कुणी सरकवणार नाही. कुणाचा डबा कसा आहे, त्यावर कोणती चिठ्ठी आहे, बाजरीचं दळण गव्हाच्या आधी लागलं तर कोण रुसतं, असं सगळं मी लिहिलं. नाव एकाचंही घेतलं नाही. त्याचा उपयोग शून्य, कारण गावात माणूस डब्यावरूनच ओळखतात. दुसऱ्या दिवशी एक बाई कमरेवर हात ठेवून दारात उभी. "माझ्या डब्याचं झाकान सुतळीनं बांधल्यालं हाय, ह्ये जगाला कशापायी सांगितलं?" पुढच्या खेपेला डब्याला नवं झाकण होतं, आणि जाता जाता तिनं हळूच विचारलं, "माझं परत कधी लिवनार?"

तेव्हापासून लाइट गेली की लिहायचं असा माझा नेम झाला. एका बोटानं, पदराला बोट पुसत पुसत. पूर्वी लाइट गेली की मी वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता तो खांबावर चढला की मनात म्हणते, बाबा, सावकाश होऊ दे.

हळूहळू ओळखीपाळखीच्या पलीकडचे लोक वाचायला लागले. नुकतंच दळलेलं पीठ हाताला कसं कोमट लागतं यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या. लांब सरहद्दीवर नोकरीला असलेल्या आपल्याकडच्या एका जवानानं खाली लिहिलं, की हे मी बराकीत मोठ्यानं वाचून दाखवलं, मग एकेकानं उठून घरी फोन लावला. ते वाचून मी पिठाच्या हातानं डोळे पुसले. त्या दिवशी आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघून हसत होतं आणि मला वाटत होतं, आज सगळे खुशीत कसे.

या वर्षानं मला बरंच दिलं. पण सगळ्यात मोठं जे दिलं ते सांगायला मी मघापासून आढेवेढे घेतेय.

माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्या भिंतीपलीकडं राहतात. आम्ही दोघी सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. चूक माझी होती. माझ्या मुलाचं लग्न होतं. आमच्यात लग्नाची हळद जात्यावर दळतात. पाच सवाष्णी बसतात, आणि जात्याच्या खुंट्याला पहिला हात घरातल्या थोरल्या सुनेचा असतो. तो मान जाऊबाईंचा. पण कांडायचं मशीन नुकतंच आलेलं, आणि मला त्याचं भलतं कौतुक. आदल्या दिवशी सगळी हळद मी त्यात घालून मोकळी झाले. जाऊबाई नवं लुगडं नेसून, ओव्या आठवत आल्या, तर परातीत हळद तयार. वर मी चारचौघींत म्हणाले, "आता जात्याला कोण बसतंय? दहा मिनिटांत झालं की." त्यांनी हळद चिमटीत धरून बघितली. "बारीक झालीया," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. लग्नाला आल्या त्या पाहुण्यासारख्या, मांडवाच्या टोकाला बसून.

त्यानंतर त्यांचं दळण गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गिरणीत जायला लागलं. त्यांचा डबा पितळी, माहेरचा, एका बाजूला पोचा पडलेला. दर आठ दिवसांनी तो कमरेवर घेऊन त्या माझ्या दारावरून जायच्या आणि मी उगीच चक्कीत डोकं घालायचे. पण मीही पडले तरी नाक वर यातली. भिंत ओलांडून जाणं मला सात वर्षांत जमलं नाही.

तोंडानं जमत नाही ते बोटानं जमतं का बघावं म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी त्यांच्यावर लिहिलं. लग्न होऊन आले तेव्हा मला बाजरीची भाकरी येत नव्हती. थापायला घेतली की फाटायची. सासूबाई कडक. जाऊबाई पहाटे उठून माझ्या वाटच्या भाकरी थापून माझ्या टोपल्यात ठेवायच्या आणि सासूबाईंना सांगायच्या, "धाकटीनं केल्यात." असं महिनाभर चाललं. मग एक दिवस माझी एक भाकरी न फाटता तव्यावर पडली. ती जाऊबाईंनी स्वतःच्या ताटात घेतली. कडेनं कच्ची होती, तरी सगळी खाल्ली. हे सगळं लिहून शेवटी मी हळदीचं लिहिलं. लिहिलं की तो मान तुमचा होता, तो मी घालवला, आणि मला माफ करा असं म्हणायची हिंमत मला सात वर्षं झाली नाही. वर त्यांचा तरुणपणीचा काळा-पांढरा फोटो लावला, कारण माझ्याकडं दुसरा नव्हता.

आमच्या एका चुलत दिरांनी तो लेख सकाळी भावकीच्या ग्रुपवर टाकला.

आता आमच्या ग्रुपची रीत सांगायला हवी. वाढदिवसाचा फोटो रंगीत असतो आणि मागं फुगे असतात. काळ्या-पांढऱ्या फोटोखाली चार चांगली वाक्यं असली की त्याचा अर्थ एकच. पुढचं वाचायची गरज नसते. पहिल्या माणसानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं की खाली रांग लागते. त्यात आम्हा दोघींचा अबोला सगळ्या भावकीला पाठ. धाकटी थोरलीबद्दल चांगलं बोलतेय म्हणजे थोरली राहिलेली नाही, याबद्दल कुणाला शंकाच आली नाही.

त्या दिवशी लाइट नेमकी गेली नाही, म्हणून माझा मोबाईल पिठाच्या फळीवर तसाच पडून होता. दुपारी आमचे हे पडलेल्या चेहऱ्यानं दारात आले. "तू वैनीला मारलंस म्हनं."

मग कळलं ते असं. श्रीरामपुरात एका घरी सत्यनारायण चालला होता, तो सुतक पडलं म्हणून अर्ध्यात थांबवला, शिऱ्यासकट. जाऊबाईंचे भाऊ-भावजय शेजारच्या गावातून टेम्पोनं आले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बरोबर पिठलं-भाकरीचं गाठोडं. भावजयीनं दारापासूनच गळा काढला. जाऊबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्या सूप हातात घेऊन घाईघाईनं बाहेर आल्या आणि विचारलं, "कोन गेलं गं?"

आता लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. सात वर्षांनी एक शब्द काढला आणि तो असा बाईच्या मुळावर आला. लोक म्हणणार, धाकटीनं जितेपणी तिचं मरण चिंतलं. मुलीचा फोन आला, "आई, लेख काढून टाकू का?" मला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. काढला तर माफीही जाणार होती. शेवटच्या ओळीपर्यंत एकाही माणसानं वाचलं नव्हतं, आणि जिच्यासाठी लिहिलं तिला वाचता येत नव्हतं. मी तशीच दळत राहिले. एका गिऱ्हाइकाचा गहू दुसऱ्याच्या ज्वारीवर ओतला. माझ्या हातून आजवर असं कधी झालं नव्हतं.

चारच्या सुमाराला फरशीवर डबा टेकल्याचा आवाज आला. चक्कीच्या घरघरीतही मी पितळेचा आवाज ओळखला. जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पोचा पडलेला डबा रांगेच्या शेवटी ठेवला, पाचवा. काखेत गाठोडं होतं.

"बाई, मी..." मी सुरुवात केली.

"आधी ती चक्की बंद कर. काय आयकू येत न्हाई."

मी बटण बंद केलं. त्या पोत्यावर बसल्या. "नातीनं समदं वाचून दाखावलं. दोनदा."

त्यांनी गाठोडं सोडलं. आत पिठलं, बाजरीच्या भाकरी आणि कांदा. "भावानं आनलंय. माझ्या मरनाची भाकर हाय. येकटीला जाईना. बस."

मी बसले. आम्ही दोघींनी पिठाच्या पोत्यांमध्ये बसून त्यांच्या मरणाची भाकरी खाल्ली. भाकरी जरा वाळली होती. त्यांनी माझ्या हातावर दुसरा तुकडा ठेवला आणि मी तोही खाल्ला. मग कांदा फोडता फोडता म्हणाल्या, "हाळद तवा लई बारीक झाली हुती. जात्याची जराशी भरड ऱ्हाती. अंगाला तीच बरी लागती."

"चुकलं माझं," मी म्हणाले. सात वर्षं अडलेलं वाक्य दोन शब्दांचं होतं.

"व्हय. चुकलं," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसून एकदम तावात, "आन् त्या चुलतदिराला इचार, मी त्याच्या पोरांची दुखनी-भानी काढली. माझ्या मरनाला त्यानं ग्रुपवर नुसतं हात जोडल्यालं चित्र टाकलंय. दोन सबूद लिवता येत न्हाईत व्हय?"

मला हसू फुटलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यानं ठसका लागला. त्यांनी माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. भाकरी थापणारा तो हात सात वर्षांनी माझ्या पाठीला लागला.

गाठोड्याचं फडकं झटकून मी उठले. म्हटलं, "बाई, तुमचं दळण आधी घेते."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "रांगत हाय त्ये रांगतच ऱ्हाऊ दे. मला कुटं जायाचंय? मी बसते हितं."

त्या पोत्यावर बसून राहिल्या आणि मी बटण दाबलं. त्यांच्या आधीचे चार डबे मी त्या दिवशी जेवढ्या सावकाश दळले, तेवढ्या सावकाश मी आयुष्यात कधी दळलं नाही.